कर्ब जमिनीत कोंडा, धूर मात्र गावात सोडू नका
(गगनबावडा आणि घाटमाथ्याच्या शेतकऱ्यांसाठी)



अलीकडे ‘कार्बन पकडणे’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. अमुक कारखान्याने धुराड्यातला कार्बन पकडायचे यंत्र बसवले, अशी बातमी येते. कोणी गावात येऊन सांगतो, ‘काडीकचऱ्याचा कोळसा करून शेतात घाला, कार्बनचे पैसे मिळतील.’ हे ऐकले की साहजिकच वाटते, कार्बन पकडला म्हणजे हवा स्वच्छ झाली. तसे आपोआप होत नाही. कार्बन पकडणे हे एक काम आणि गावची हवा चांगली ठेवणे हे दुसरे काम. कधी दोन्ही एकदम साधतात, तर कधी पहिले साधताना दुसरे बिघडते. हा फरक नीट कळला, तर आपण फसणार नाही आणि आपल्या शेतातही योग्य तेच करू.

धुरात काय काय असते?

पाचट, लाकूड, चिपाड किंवा दगडी कोळसा जळला की दोन प्रकारच्या वस्तू वर जातात.

पहिली म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, आपण त्याला कर्बवायू म्हणू. त्याला रंग नाही, वास नाही. ऊस, भात, नाचणी हाच वायू हवेतून घेऊन वाढतात. मोकळ्या हवेत तो गावाला त्रास देत नाही. पण साऱ्या जगाच्या हवेत तो साठत चालला आहे. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. त्यामुळे पृथ्वी तापते आणि पावसाचे तंत्र बिघडते. हे नुकसान सगळ्या जगाचे, आणि सावकाश होणारे.

दुसरी वस्तू म्हणजे डोळ्यांना झोंबणारा खरा धूर. त्यात काजळी, राख, गंधकाचे व नत्राचे ऑक्साइड, अर्धवट जळलेले वायू आणि डांबरासारखी वाफ असते. यातले सर्वांत वाईट म्हणजे बारीक कण. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असे हे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल जातात आणि तिथून रक्तात उतरतात. दमा, खोकला, हृदयाचे विकार यांचे ते एक मोठे कारण आहे. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे असे कण हवेच्या एका घनमीटरमध्ये चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली. हे नुकसान मात्र जिथे जाळ, तिथल्याच माणसाचे, आणि लगेच होणारे.

म्हणून कोणी ‘आम्ही कार्बन पकडतो’ म्हणाला, की पुढचा प्रश्न विचारावा, ‘बरं, मग धुराचं काय?’

मोठ्या कारखान्यात कार्बन कसा पकडतात?

आपल्या तालुक्यात औष्णिक वीजकेंद्र नाही. तरीही मोठ्या यंत्राचे काम समजून घेतलेले बरे. धुराड्याकडे जाणारा वायू आधी थंड करतात, धुतात, त्यातली राख आणि गंधक काढतात. मग तो ‘अमाइन’ नावाच्या औषधी पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. अमाइन फक्त कर्बवायूला धरून ठेवते. पुढे ते पाणी तापवले की कर्बवायू सुटा होतो. तो दाबून टाकीत किंवा नळात भरतात आणि पाणी पुन्हा वापरतात.

आपल्या देशात हे सुरू झाले आहे. तमिळनाडूत तुतिकोरिनच्या एका रसायन कारखान्यात २०१६ पासून वर्षाला ६०,००० टन कर्बवायू पकडून त्याचा सोडा बनवण्याची योजना चालू झाली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात २०२१ मध्ये रोज ५ टनांचे, तर मध्य प्रदेशातील विंध्याचल वीजकेंद्रात २०२२ मध्ये रोज २० टनांचे यंत्र बसले. मुंबईला पवईच्या आय.आय.टी.मध्ये या विषयाचे राष्ट्रीय केंद्र २०२२ पासून आहे.

आता शेजारच्या गावाच्या हवेचे काय होते ते पाहू. युरोपच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली याचा हिशेब मांडला. त्यातले मुख्य मुद्दे असे :

१) गंधकाचा वायू कमी होतो. गंधक राहिले तर अमाइन खराब होते, म्हणून ते आधी काढावेच लागते. हा गावाचा फायदा.

२) पाणी तापवायला आणि वायू दाबायला जादा इंधन लागते, साधारण १५ ते २५ टक्के. जादा जाळ म्हणजे, वेगळी काळजी घेतली नाही तर, नत्राचे ऑक्साइड आणि बारीक कण जास्त. शिवाय कोळशाच्या खाणी आणि वाहतुकीची धूळही वाढते.

३) अमाइन झिजते तेव्हा त्यातून अमोनिया सुटतो. अशा केंद्राचा अमोनिया तिपटीहून अधिक वाढू शकतो. एकूण हिशेबात शेण आणि युरियातून सुटणाऱ्या अमोनियापुढे तो थोडाच. पण हवेतल्या इतर वायूंशी मिळून त्याचेही बारीक कण होतात.

४) अमाइनची थोडी वाफ धुराड्यातून निसटते आणि तिच्यापासून काही घातक पदार्थ होऊ शकतात. नॉर्वे देशाच्या आरोग्य संस्थेने २०११ मध्ये यासाठी हवेच्या घनमीटरला ०.३ नॅनोग्रॅम इतकी कडक मर्यादा सुचवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

थोडक्यात, यंत्र चांगले की वाईट हे नुसत्या नावावरून ठरत नाही. धुराड्याच्या शेवटी धुण्याची सोय कशी आहे, यावर ते ठरते.

साखर कारखाना आणि आसवनी

हा विषय आपल्या जवळचा. वेसरफ-पळसंबेला सहकारी साखर कारखाना आहे आणि जिल्ह्यात तर कारखाने पुष्कळ. ज्या कारखान्याला आसवनी, म्हणजे डिस्टिलरी असते, तिथे कर्बवायू दोन ठिकाणी तयार होतो.

एक जागा म्हणजे मळी किंवा रस आंबवण्याची टाकी. यीस्ट साखर खाते तेव्हा अल्कोहोल आणि कर्बवायू होतो. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण पाऊण किलो कर्बवायू. हा वायू जवळजवळ शुद्ध असतो. त्याला अमाइन लागत नाही, तापवायला जादा जाळ लागत नाही. धुऊन, सुकवून, दाबून तो सोडावॉटर किंवा कोरडा बर्फ करणाऱ्यांना विकता येतो. गावच्या हवेला यातून त्रास जवळजवळ नाही. पण सोड्याची बाटली उघडली की तो पुन्हा हवेत जातो, हेही समजून घ्यावे. तो विकला म्हणजे कायमचा कोंडला असे नव्हे.

दुसरी जागा म्हणजे बॉयलरचे धुराडे. तिथे बगॅस जळते. त्यातून उडणारी काळी राख अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पालेभाजीवर बसते. टाकीतला वायू पकडल्याने ही राख एका कणानेही कमी होत नाही! तिच्यासाठी राख धरणारी वेगळी यंत्रणा लागते आणि ती रात्रंदिवस चालू लागते. म्हणून कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत दोन्ही प्रश्न वेगळे विचारावेत. राखेचा त्रास असेल तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाकडे अर्ज करावा.

कोंडलेल्या वायूपासून सावध

कर्बवायू मोकळ्यावर निरुपद्रवी आहे, पण कोंडला की जीवघेणा. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खोलगटात साठतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ बाद झाली. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. ते काही वेळ उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. जुन्या माणसांना हा वायू ठाऊक होता.

पण आज फक्त कंदिलावर विसंबू नये. हवेत कर्बवायू शेकडा ४-५ झाला की धाप लागते, डोके दुखते. शेकडा १० ला काही मिनिटांत शुद्ध जाते. कंदील जळत असतानाही हवा धोक्याची असू शकते. आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात कंदील किंवा काडी कधीच नेऊ नये, तिथला वायू पेट घेतो. जुनी विहीर, टाकी, खड्डा यात माणूस पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर लावावा, वारा घालावा, मदत बोलवावी. एकामागे एक माणसे दगावतात ती अशीच.

आफ्रिकेत कॅमेरून देशातल्या न्योस तळ्यातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कर्बवायू उसळला आणि दरीत उतरला. सुमारे १७०० माणसे आणि हजारो जनावरे झोपेत गेली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी मुसळधार पावसाने माती घसरून कर्बवायूचा नळ फुटला. कोणी मेले नाही, पण ४५ जणांना दवाखान्यात न्यावे लागले आणि मोटारीही बंद पडल्या. आपल्याकडे पाऊस वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या घरात आणि दरडी नेहमीच्या. म्हणून उद्या अशा नळाचा किंवा साठ्याचा प्रस्ताव डोंगराळ भागात आलाच, तर जागा आणि दरडीचा धोका यावर ग्रामसभेत आधी बोलले पाहिजे.

आता आपल्या बांधावर या

कार्बन पकडण्याचे सर्वांत जुने यंत्र म्हणजे झाड आणि पीक. ते हवेतला कर्बवायू ओढून काडीत भरतात. आपण ती काडी पेटवतो आणि सगळे परत हवेत सोडतो, वर धूरही देतो.

आपल्याकडे ऊस तुटला की पाचट पेटते. शिमग्यानंतर राब, म्हणजे तरवे, भाजायला सुरुवात होते. थंडीच्या दिवसांत रात्री डोंगरावरची गार हवा उतरून कुंभीच्या खोऱ्यात बसते. वर उबदार हवेचे झाकण पडते. अशा वेळी संध्याकाळी पेटवलेल्या फडाचा धूर वर जात नाही, साळवण-असळजकडच्या घरांवरच रात्रभर पसरून राहतो. सर्वांत जास्त धूर घेतो तो जाळाजवळचा माणूस, आणि घरातली लहान मुले व म्हातारी माणसे.

पहिली गोष्ट : जे कुजवता येते ते जाळू नका. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात शेकडा अर्ध्याच्या आसपास नत्र आणि शेकडा पाऊण ते एक पालाश असते. जाळल्यावर नत्र तर जातेच. खोडवा ठेवताना पाचट सरीत पसरावे, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटावेत. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. तण कमी येते आणि पाण्याची पाळी लांबते. धूर नाही, हा फायदा वेगळाच.

दुसरी गोष्ट : तरवा न भाजताही रोप चांगले येते. राब भाजण्यामागे कारणे आहेत, हे मान्य. तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते. पण टहाळे, शेण, पालापाचोळा एवढ्या मोठ्या मोलाने हे मिळते, आणि डोंगर उघडा पडतो. त्याऐवजी वळवाचा पाऊस झाल्यावर तण उगवू द्यावे, कुळवून मारावे आणि गादीवाफा करावा. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत पहिलेच सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे. वाफ्याच्या चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख मातीत मिसळायची. त्यातली सिलिका रोपाला ताठपणा देते आणि खोडकिडीला रोप सहज बळी पडत नाही. ही राख काळी केली तर त्यात कर्बही शिल्लक राहतो. म्हणजे ज्याला आज ‘बायोचार’ म्हणतात, त्याचाच हा घरगुती प्रकार.

शेतातला कोळसा करण्याची रीत

तुरीच्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, कुंपणाच्या छाटण्या, गिरिपुष्पाच्या जाड काड्या हे लवकर कुजत नाही. त्याचा कोळसा करता येतो. कोळसा जमिनीत शेकडो वर्षे टिकतो, पाणी आणि खत धरून ठेवतो. आपल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी आणि पावसाने धुपलेल्या. तिथे त्याचा उपयोग होतो. मात्र रीत चुकली तर कोळसा थोडा आणि धूर फार. पांढरा दाट धूर म्हणजे न जळलेला वायू. त्यात मिथेनही असतो आणि तो वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूपेक्षा सुमारे ८० पट जास्त तापवतो. म्हणजे गावचीही हानी आणि जगाचीही. ओले चिपाड चुलवाणात घातले की काय होते, हे गुऱ्हाळावरच्या माणसाला सांगावे लागत नाही.

१) काड्या खडखडीत वाळलेल्या असाव्यात. ओले घालू नये. प्लॅस्टिक, रबर, रंगवलेले लाकूड तर मुळीच नको.

२) घरापासून, गंजीपासून आणि रानापासून दूर, उघड्यावर खड्डा घ्यावा. तोंड चार फूट, खोली दोन फूट, बाजू उतरत्या. जवळ पाण्याची पिंपे भरून ठेवावीत.

३) थोड्या काड्या रचून वरून पेटवावे, खालून नाही. वरच्या जाळातच खालून येणारा धूर जळून जातो.

४) काडीवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा पातळ थर घालावा. एकदम ओझे टाकू नये. धूर दिसला तर थांबावे, जाळ वर येऊ द्यावा.

५) खड्डा भरला आणि ज्वाळा लहान झाल्या की भरपूर पाणी मारावे. नाहीतर कोळशाची राख होते. पाणी मारताना वाफ अंगावर येते, वाऱ्याच्या बाजूने उभे राहावे.

६) दुपारी वारा खेळता असताना करावे. थंडीत संध्याकाळी करू नये. बंद खोपीत तर कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइड वायूने माणूस न कळत मरतो. विझला वाटणारा कोळसा रात्री घरात आणू नये.

शंभर किलो वाळक्या काडीतून वीस किलोच्या आसपास कोळसा मिळतो. त्यात पंधरा-सोळा किलो कर्ब, म्हणजे काडीतल्या कर्बाचा एक तृतीयांश. हिशेबाने सुमारे ५८ किलो कर्बवायू हवेत जायचा वाचला. कोरडा कोळसा तसाच शेतात टाकू नये, तो सुरुवातीला पिकाचे नत्र ओढून घेतो. एका घमेल्याला दोन घमेली शेणखत आणि थोडे गोमूत्र मिसळून दोन-तीन आठवडे सावलीत मुरू द्यावा. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यात वापरावा, शेजारचा वाफा तसाच ठेवावा आणि फरक स्वतः पाहावा. आधी माती तपासावी. ज्याची जमीन चोपण किंवा विम्लधर्मी आहे त्याने कोळशाच्या नादी लागू नये.

कार्बनचे पैसे देणारा आला तर

त्याला हे विचारा :

• पैसे कधी, कोण देणार आणि मोजमाप कोण करणार?
• करार किती वर्षांचा? तो मराठीत आहे का? त्याची प्रत मिळेल का?
• कोळशाची भट्टी कोणती? धूर जाळण्याची सोय आहे का? ती कुठे बसणार आणि वारा कोणत्या वस्तीकडे वाहतो?
• काडी कुठून आणणार? राईतले किंवा बांधावरचे उभे झाड तोडून केलेला कोळसा हा कार्बन पकडणे नव्हे.
• भट्टीवर काम करणाऱ्या बायका-माणसांच्या नाकातोंडाला काय संरक्षण?

आगाऊ पैसे मागणाऱ्याला दाराबाहेरच ठेवावे. शंका असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय येथे विचारावे. पाचटाबद्दल कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात माहिती मिळते.

लक्षात ठेवण्याजोगे

कुजते ते कुजवावे. कुजत नाही त्याचा बिनधुराचा कोळसा करावा. कोंडलेल्या खड्ड्यात उतरू नये. आणि कोणत्याही यंत्राबद्दल, मग ते कारखान्याचे असो वा आपल्या खड्ड्याचे, दोन प्रश्न विचारावेत : कर्ब किती कोंडला, आणि धूर कोणाच्या घरात गेला?

येत्या हंगामात निदान एका सरीचे पाचट न पेटवता ठेवून पाहा. खोडव्याला पाणी देताना फरक दिसेल, शेजाऱ्यालाही दाखवा.